निरामिष आमिष

व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमच्या नावापुढे ‘गळाचा इतिहास’ असा विषय छापलेला पाहून एका वयोवृद्ध स्नेह्यांनी आम्हांला वाटेतच गाठले. “अहो, यात इतिहास तो कसला? गळाला कोळंबी लावायची आणि वाट पाहायची. माझे आजोबाही तेच करीत.” आम्ही विचारले, “आणि तुमचा नातू काय करतो?” यावर त्यांच्या कपाळाला आठी पडली. नातवाने पुण्याहून येताना कार्बनची काठी, रीळ आणि डबाभर रंगीत प्लास्टिकचे मासे आणले होते, आणि कोळंबीला हात लावायला तो तयार नव्हता. म्हणजे त्यांच्या आजोबांपासून नातवापर्यंत मध्ये काहीतरी घडले आहे, एवढे त्यांनी कबूल केले. आमचा आजचा विषय तेवढाच आहे.

भाट्याच्या पुळणीवर हिवाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी आपण गेलात, तर हे दोन्ही पंथ एकाच ओळीत उभे दिसतील. एकाच्या हातात बाटलीला किंवा लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेला तंगूस, टोकाला शिसे, गळाला कोळंबी किंवा माकुलाचा तुकडा. तो दोरी डोक्याभोवती गरगर फिरवून फुटणाऱ्या लाटेपलीकडे भिरकावतो आणि बोटावर ताण धरून उभा राहतो. दुसरा काठीने फेकतो, लगेच रीळ फिरवून ओढून घेतो, पुन्हा फेकतो, पुन्हा ओढतो. पहिल्याला दुसरा वेडा वाटतो आणि दुसऱ्याला पहिला मागासलेला. वाद कधी कधी बराच तापतो. तो ऐकताना आमच्या मनात आले, की दोघेही आपापल्या परीने बरोबर आहेत. पण आपण का बरोबर आहोत, हे दोघांनाही सांगता येत नाही.

आधी शब्दाकडे पाहू. आमिष म्हणजे मांस. सामिष भोजन, निरामिष भोजन हे शब्द आपण रोज वापरतो. त्या हिशेबाने प्लास्टिकचा मासा हे ‘निरामिष आमिष’ झाले, म्हणजे वदतोव्याघातच! इंग्रजीतून आलेला ‘लुअर’ हा शब्द किनाऱ्यावरच्या मुलांनी सरळ उचलला आहे आणि आम्हीही येथे तोच वापरणार आहोत. आणखी एक गंमत पाहा. मराठीत आपण आमिष ‘दाखवतो’. वास्तविक गळाची कोळंबी दाखवायची नसते, ती हुंगायला आणि चाखायला द्यायची असते. दाखवायचा असतो तो लुअर.

आमच्या जुन्या ग्रंथकारांना हा भेद ठाऊक होता. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यांत पतंग आहे. तो रूपाला भुलून दिव्यावर झडप घालतो आणि मरतो. हरिण नादाने फसते, हत्ती स्पर्शाने. आणि मासा? तो रसनेने मरतो, जिभेच्या पायी गळ गिळतो. नाथांनी याच स्कंधावर टीका लिहून १५७३ साली काशीस पूर्ण केली, आणि तेव्हापासून हा मासा मराठी कीर्तनांतून गळाला लागत आला आहे. त्यातला परमार्थ आम्ही बाजूला ठेवतो. आम्हांला येथे दिसते ती एक व्यवहाराची नोंद : मासा चवीने धरावा आणि पतंग रूपाने, अशी वाटणी या देशात पक्की झाली होती. डोळ्याने फसणारा मासा त्या यादीत नाही.

याला राजाश्रयाचाही पुरावा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. पाच विंशती, शंभर अध्याय. राज्य मिळवण्यापासून स्वयंपाकापर्यंत सर्व काही त्यात आहे. मराठी भाषेच्या अभ्यासकांना तो त्यातल्या जुन्या मराठी पदांमुळे परिचित आहे. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी तो संपादून प्रसिद्ध केला. त्यातल्या विनोदांच्या विंशतीत ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा मत्स्यशास्त्र जाणणाऱ्यांचे लक्ष तिकडे वळले. समुद्रातले मासे, गोड्या पाण्यातले मासे, खवल्यांचे, बिनखवल्यांचे असे त्यांचे वर्ग. काठी, दोरी आणि गळ कसा असावा याचे वर्णन. आणि सर्वांत मोठा भर माशाला घालायच्या घासावर. मासे आधी खाऊ घालून एका जागी सवयीचे करायचे आणि मग त्यांतच गळ सोडायचा. राजा झाला तरी त्याची युक्ती राजिवड्याच्या पोरापेक्षा वेगळी नव्हती : आधी पोट, मग गळ.

आता प्रश्न असा, की नकली आमिषाची कल्पना आमच्याकडे का रुजली नाही? आमच्या लोकांना युक्ती कमी होती असे कोणी म्हणेल, तर ते आम्हांला मान्य नाही. नकली आमिष जगात कोठे जन्मले ते पाहिले म्हणजे उत्तर आपोआप मिळते.

इ. स. २०० च्या सुमारास इलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसेडोनियातल्या एका नदीची हकीकत लिहून ठेवली आहे. तेथले मासे पाण्यावर बसणाऱ्या एका माशीवर टपलेले असत. ती माशी धरून गळाला लावावी, तर माणसाचा हात लागताच तिचा रंग उडे आणि मासा तिच्याकडे ढुंकून पाहत नसे. म्हणून त्या कोळ्यांनी गळाला तांबडी लोकर गुंडाळली आणि तिच्यावर कोंबड्याची पिसे बसवली. खरे आमिष गळावर टिकेना, तेव्हा खोटे आले. प्रशांत महासागरातल्या पॉलिनेशियन लोकांची गोष्ट थोडी निराळी. शिंपल्याच्या चकाकत्या पट्टीला हाडाचा आकडा बांधून, शेपटीला तंतूंचा झुबका लावून ते ती धावत्या होडीमागे सोडत. होडी वेगात आहे, मासाही वेगात आहे. हुंगायला सवड कोणाला? तेथे चकाकी पुरते.

या दुसऱ्या उदाहरणात आमच्या किनाऱ्याचे उत्तर आहे. नकली माशाला जीव नाही. त्याला हालचाल कोणीतरी उसनी द्यावी लागते. होडीत बसलेल्याला ती होडी देते. पुळणीवर उभ्या असलेल्या माणसाने ती कोठून आणावी? हाताने भिरकावलेली सुती किंवा तागाची जाड दोरी पाण्यात भिजून जड होते. ती सरसर ओढून घ्यायची म्हणजे पायांशी गुंता, आणि गुंता सोडवीपर्यंत भरती उतरलेली. किनाऱ्यावरच्या माणसाला स्थिर राहूनच मासा मिळवायचा होता, आणि स्थिर राहून मासा बोलावण्याचे साधन एकच : वास. शिवाय कोळंबी, तारली, खेकडे दारात. खऱ्याचा तुटवडा नव्हता, खोट्याला हलवण्याचे यंत्र नव्हते. एवढे साधे कारण आहे.

दोहोंचा संगम पाहायचा असेल तर मात्र फार दूर जायला नको. आपल्याच अरबी समुद्रात लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर कुप्पा धरण्याची जुनी रीत आहे. होडीच्या पोटातल्या पाण्यात जिवंत बारीक मासळी ठेवतात. कुप्प्यांचा थवा दिसला, की ती मूठमूठ फेकायची आणि वरून पाणी शिंपडायचे. थवा खवळला, की काठीला बांधलेला, आमिष न लावलेला, अणकुचीचा उलटा काटा नसलेला चकचकीत गळ पाण्यात सोडायचा. मासा गळाला लागतो, होडीत आपटतो आणि स्वतःच सुटून पडतो. भूक खऱ्या माशाने चेतवायची, धरायचे मात्र नकली चकाकीने. भाट्यावरच्या दोघा भांडणाऱ्यांना एकदा मिनिकॉयला पाठवावे, असे आम्हांला फार वाटते.

किनाऱ्यावरच्या माणसाला हालचाल मिळाली ती गेल्या दीडशे वर्षांत, आणि तीही हप्त्याहप्त्याने. अमेरिकेत ज्युलिओ ब्यूएल याने १८५२ साली जेवणाच्या चमच्यासारख्या धातूच्या पत्र्याचे पेटंट घेतले. जेवताना त्याच्या हातून चमचा तळ्यात पडला आणि बुडताना त्यावर माशाने झडप घातली, अशी आख्यायिका आहे. चांगल्या आख्यायिकेला पुरावा मागू नये. हा चमचा आपल्या देशात साहेबांच्या पेटाऱ्यातून आला. मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यांनी १८७३ साली मंगळुरास ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक छापून घेतले. पाण्यात फिरणारे आमिष कोणते वापरावे, खरा मेलेला मासा की धातूचा, याची त्यात बारीक चर्चा आहे. मंगळूर आणि रत्नागिरी एकाच किनाऱ्यावर. पण टॉमस साहेबांचे मन होते नदीतल्या महसीर माशावर. फुटत्या लाटेत उभे राहून गरवणारा खारवी, दाळदी किंवा भंडारी त्यांच्या वाचकांत नव्हता.

आपल्या बाजूची स्थिती काय होती? १८८० साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड निघाला तो रत्नागिरी व सावंतवाडीचा. त्यात मासळी आहे, मासेमारी करणाऱ्या जाती आहेत, होड्या आणि जाळी आहेत. दप्तर ज्यावर मोजमाप करता येते तेच पाहते. दहा हातांची दोरी खिशात घालून खडकावर जाणारा माणूस कोणत्या रकान्यात बसवायचा? तो घरी दोन शिंगाळे आणि एक पालू घेऊन जातो. बाजारात काहीच जात नाही. गळाचा इतिहास विरळ आहे, याचे आमच्या मते हेच कारण.

पुढचा हप्ता यंत्राचा. १९०५ साली इंग्लंडात अल्फ्रेड इलिंगवर्थ याने स्थिर रिळाचे पेटंट घेतले. फेकताना रीळ फिरत नाही, दोरी तिच्यावरून नुसती सुटत जाते. त्यामुळे हलकी वस्तूही लांब जाते. आणि १९३८ साली नायलॉन जाहीर झाले. बारीक, न भिजणारी, पाण्यात न दिसणारी दोरी प्रथमच माणसाच्या हाती आली. आपल्याकडे तिला तंगूस हे नाव पडले आणि जणू ती परशुरामाने सोडलेल्या भूमीबरोबरच मिळाली असावी, इतकी ती कोकणात रुळली. लक्षात घ्या, तंगूस दोन्ही पंथांनी उचलला. कोळंबीवाल्याने काठी आणि रीळ नाकारले, पण दोरी बदलली.

याच सुमारास फिनलंडमध्ये एका गरीब मच्छीमाराने लुअरला आजचे रूप दिले. लौरी रापाला त्याचे नाव. गळांची लांब दावण रोज खऱ्या माशांनी भरायची, यात त्याचा वेळ आणि पैसा जाई. मोठा मासा झुंडीतल्या नेमक्या त्याच पिल्लावर झडप घालतो, जे थोडे लंगडत पोहते, हे त्याने पाहून ठेवले होते. १९३६ साली त्याने बुचाचा मासा कोरला, चॉकलेटच्या वेष्टनाचा चकचकीत कागद त्यावर चढवला आणि फोटोच्या जुन्या फिल्म वितळवून त्याचा लेप दिला. तो मासा पाण्यात ओढला की लंगडत चाले. लुअर म्हणजे श्रीमंतांचे खेळणे असे आमचे स्नेही म्हणतात; त्यांना आम्ही ही गोष्ट सांगितली. ते म्हणाले, “मग आता त्याची किंमत काही शे रुपये कशी?” या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नाही. मिऱ्याच्या खडकांत एका संध्याकाळी तीन लुअर अडकून तुटलेले आम्ही पाहिले आहेत. त्या पैशात कोळंबी किती येते, हे कोणीही सांगेल.

असो. इतिहास येथवर आणून ठेवल्यावर मूळ वादाकडे वळू. निवड करायची कोणी? आम्ही म्हणतो, पाण्याने.

दोन वर्षांपूर्वी नवरात्राच्या सुमारास आम्ही भाट्याच्या खाडीच्या मुखाशी उभे होतो. पाऊस नुकताच परतला होता. काजळी नदीने आणलेली जांभ्याची तांबडी माती अजून पाण्यात होती. पुण्यामुंबईकडचे एक गृहस्थ तासभर लुअर फेकीत होते. शेजारी मिरकरवाड्यातला एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा तंगूस धरून बसला होता, आणि त्याच्या पिशवीत दोन शिंगाळे फडफडत होते. शेवटी त्यालाच राहवले नाही. “काका, पानी गढूळ हाय. तुमचा मासा त्याला दिसनार कसा?” गृहस्थ हसले, पण त्यांनी डबा मिटला नाही. वास्तविक त्या एका वाक्यात सगळे शास्त्र आले होते. शिंगाळ्याच्या मिशा म्हणजे त्याच्या जिभाच. अंधाऱ्या पाण्यात तो त्यांनीच अन्न शोधतो. वाहत्या पाण्यात कोळंबीच्या वासाची एक वाट तयार होते आणि मासा त्या वाटेने गळापर्यंत येतो.

पुढे पौष महिन्यात तीच जागा पाहावी. पाणी निवळलेले असते, सकाळी वारा जमिनीकडून येतो आणि लाट लहान होते. उजाडताना खाडीच्या तोंडाशी बोयींचे थवे उड्या मारू लागले, की समजावे, खाली कोणीतरी त्यांच्या मागे आहे. तो जिताडा असेल, तांबोशी असेल, रावस किंवा कोकर असेल. हे डोळ्याने शिकार करणारे मासे. त्यांना एक आणखी इंद्रिय आहे, ज्याचा अवधूताच्या यादीत उल्लेख नाही : अंगाच्या दोन्ही कडांनी जाणारी पार्श्वरेषा. तिने पाण्यातले कंप कळतात. लंगडणारा लुअर या रेषेशी बोलतो. अशा सकाळी शिसे टाकून तळाशी कोळंबी ठेवणारा माणूस खेकड्यांना न्याहारी देत बसतो.

भरतीचेही तसेच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला ओढ असते, वाळू उठते, पाणी मळते; तेव्हा वास चालतो. अष्टमीच्या भांगाला पाणी संथ आणि तुलनेने नितळ. तेव्हा चकाकी चालते. आमची जुनी माणसे तिथीला पाऊणपट करून भरतीचा ढोबळ ताशी हिशेब तोंडी करीत. तिथी न बघता मोबाइलवर भरतीची वेळ पाहणाऱ्याला वेळ अधिक बिनचूक मिळते, हे आम्ही नाकारीत नाही. पण पाणी गढूळ आहे की निवळ, हे अजून मान वर करूनच पाहावे लागते. काही मासे तर या वादात येतच नाहीत. बोय शेवाळ आणि गाळ खाते. तिला लुअर दाखवून उपयोग नाही, कणकेची गोळी लागते. मुडदुशी वाळूतले किडे वेचते. उलट टोळाला चकाकणारे काहीही चालते.

हा सारा शौकाचा प्रश्न असता, तर आम्ही आपला एवढा वेळ घेतला नसता. गळाला लावायची कोळंबी ही कोणाच्या तरी घरचे कालवण असते, आणि ती दिवसेंदिवस महाग होते आहे; खाडीकाठच्या घरांत हा हिशेब रोजचा आहे. लुअर एकदा घेतला की अन्न लागत नाही. दुसरीकडे, खडकात तुटलेला लुअर आणि तंगूस तसाच राहतो. तो कुजत नाही, त्याचे तीनतोंडी गळ पुढे खेकड्यांना आणि पाणपाखरांना अडकवतात. तुटलेली कोळंबी तासाभरात नाहीशी होते.

जिताड्याचे तर विशेष सांगितले पाहिजे. हा मासा जन्मतः बहुधा नर असतो आणि वाढल्यावर काही वर्षांनी मादी होतो. म्हणून लुअरवर येणारा, छायाचित्रात दोन्ही हातांवर आडवा धरलेला जो मोठा जिताडा, तो बहुतेक मादी असतो. पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी येऊन लाखोंनी अंडी घालणारी हीच. लुअर मासा सहसा ओठातच धरतो, पण गिळलेले आमिष गळ घशात नेते. त्यामुळे मासा जिवंत सोडायचा असेल तर लुअरच बरा. नवी मुले मोठी मादी सोडून देऊ लागली आहेत. आमच्या स्नेह्यांना हे मुळीच पटत नाही. “धरलेला मासा सोडायचा, तर धरायला गेलात कशाला?” ज्याने घरच्या ताटासाठी गरवले, त्याचा हा प्रश्न रास्तच आहे. मात्र त्यांच्या आजोबांच्या काळी खाडीत जिताडे किती होते आणि आज किती, हेही त्यांनीच आम्हांला सांगितले होते.

जाता जाता एका मोठ्या लुअरविषयी. राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने समुद्रात एलईडी दिव्यांच्या साहाय्याने मासेमारी करण्यास बंदी केली. नौकेवर प्रखर दिवे लावायचे, रात्रीच्या काळोखात मासळी त्याभोवती गोळा होऊ द्यायची आणि मग जाळे टाकायचे. येथे ना काठी, ना रीळ, ना कोळंबी. आमिष म्हणून नुसता उजेड. बंदीनंतरही असे दिवे समुद्रात दिसतात, ही पारंपरिक मच्छीमारांची तक्रार संपलेली नाही. भागवतातला पतंगच तेवढा दिव्यावर मरत होता. मासा त्या यादीत दिव्याखाली नव्हता. मिरकरवाड्याच्या त्या मुलाला आम्ही पुढच्या खेपेला विचारले, की एवढ्यात खाडीच्या तोंडाशी काय मिळते. त्याने दोरी न सोडता उत्तर दिले, “शिंगाळी मिळतात, काका. बाकीचे येतात तेवढे येतात.”